नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या मनोऱ्यातल्या गाइड आजोबांना

आजोबा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वर असताना माझ्या तोंडाला कोरड पडली होती, आणि खाली आले तोवर तुम्ही पुढचा गट घेऊन निघालाही होतात. हे पत्र तुमच्या हाती पडलं तरी तुम्हाला वाचता यायचं नाही. पण आभार मनापासून मानायचे तर मला मराठीच बरी. त्या दिवशी पुटपुटलेलं 'थँक यू' फारच तोकडं होतं.

खूण सांगते. तुमच्या डोम टॉवरच्या, म्हणजे चर्चच्या त्या मनोऱ्याच्या, गोल जिन्यात दोन्ही हातांनी भिंत कवटाळून उभी राहिलेली आणि मागच्या दहा जणांची वाट अडवलेली बाई, ती मी.

आम्ही कुठेही फिरायला गेलो की नवऱ्याला आधी चर्चचा मनोरा दिसतो. "तू जाऊन ये, मी खाली पिशव्या सांभाळते," हे माझं ठरलेलं वाक्य. तुमच्याकडे गाइडशिवाय वर सोडत नाहीत, म्हणून त्याने आधीच तिकिटं काढून ठेवली होती. दोघांची! ४६५ पायऱ्या आहेत हे मला दारात कळलं.

बंद जिन्यात मला काही होत नाही. भिंती जवळ असतात. घात केला तो एका झरोक्याने. सहज बाहेर नजर गेली, खूप खाली कौलं दिसली आणि पोटऱ्यांतलं बळच गेलं. गटातलं कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत. "घाबरू नका" असंही म्हणाला नाहीत, याबद्दल तर वेगळे आभार. ते वाक्य ऐकून कुणाची भीती गेल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

तुम्ही माझा एक हात सोडवून जिन्याच्या मधल्या खांबावर ठेवलात. दगड गार होता आणि खांद्याच्या उंचीला साबणासारखा गुळगुळीत. मग म्हणालात, तोल सांभाळायला डोळ्यांना जवळचं काहीतरी स्थिर लागतं. सगळंच लांब गेलं की शरीर नकळत डुलतं आणि माणूस घाबरतो. म्हणून लांबचं बघायचं नाही. पायरीची झिजलेली कड बघायची. भित्रेपणा नव्हे, डोळ्यांची अडचण! इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि दुसरं वाक्य: "कुठल्याही मजल्यावरून परत फिरा, मी सोबत येतो." खरं काम या वाक्याने केलं. उतरायची वाट मोकळी आहे म्हटल्यावर चढायला पाय उचलला.

घंटांच्या मजल्यावर मला तुम्ही सर्वांत मोठ्या घंटेसमोर उभं केलंत. साल्व्हाटोर, १५०५ सालची, आठ टनांहून जड. बाकीचे फोटो काढत होते, तेव्हा मला तिच्यावरची उठावाची अक्षरं मोजायला लावलीत. मी मुकाट्याने मोजली. किती होती ते आठवत नाही, पण मोजता मोजता श्वास ताळ्यावर आला.

वादळाची गोष्ट मात्र, आजोबा, तुम्ही खाली आल्यावर सांगायला हवी होती. १६७४ साली वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, हे घाबरलेल्या माणसाला अर्ध्या वाटेत सांगतात का? पण पुढे म्हणालात की तो भाग अर्धवट राहिलेला, पुरेसे आधार नसलेला होता. १३८२ मध्ये पुरा झालेला हा मनोरा मात्र हलला नाही. वर पोहोचल्यावर कठड्यापासून दोन हात लांब उभी राहून मी तीच रिकामी जागा पाहिली. अलीकडे मनोरा, पलीकडे उरलेलं चर्च आणि मध्ये उघडा चौक. चार-पाच सेकंद पाहिली असेल. माझ्या मानाने पुष्कळ.

पुढे जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलच्या ५३३ पायऱ्या चढले. वरच्या लोखंडी जिन्यात एकदा बसले, पण चढले.

कोपनहेगनचं चर्च मात्र वस्ताद निघालं. तिथे ४०० पायऱ्यांतल्या शेवटच्या १५० शिखराच्या बाहेरून वळत जातात, आणि वर वर त्या इतक्या अरुंद होतात की शेवटी पाऊल मावत नाही. जिना उलट्या दिशेने वळला म्हणून वास्तुरचनाकाराने वरून उडी घेतली, अशी दंतकथाही नेमकी चढायच्या आधी ऐकली. (शिखर १७५२ मध्ये झालं, तो वारला १७५९ मध्ये; हे मला उतरल्यावर कळलं.) मी हात कठड्यावर, नजर पायरीवर ठेवून चढत राहिले. शेवटच्या वीसेक पायऱ्या उरल्या आणि पुरे वाटलं. तिथूनच फिरले. वाईट मुळीच वाटलं नाही, तुमची परवानगी होतीच.

खाली नवरा पिशव्या सांभाळत बसला होता. गुडघा दुखतोय म्हणाला.

आपली,
जिन्यात वाट अडवलेली बाई