मठाची पाने गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जाडजूड कादंबऱ्या कशा वाचाव्यात यावरचा लेख वाचला. लेख खुसखुशीत आहे, पण दोस्तोयेव्हस्कीच्या 'कारामाझव बंधू'बद्दल त्यात दिलेला सल्ला खटकला. बापाचा खून, खटला आणि मधला भाऊ इव्हान याचा बिनतोड युक्तिवाद तेवढा वाचा, मठातला गूढवादी भाग चाळला तरी चालेल, असं लेखक म्हणतात. पंचविशीत लोकलमधून बँकेत जाता-येता मी ही कादंबरी नेमकी अशीच वाचली होती. निवृत्तीनंतर सगळी वाचली, तेव्हा पहिल्या खेपेला हातातून काय निसटलं ते कळलं.

इव्हानचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं. आठ वर्षांच्या एका पोराने खेळताना मारलेला दगड जनरलच्या लाडक्या कुत्र्याच्या पायाला लागतो. दुसऱ्या दिवशी जनरल त्या पोराला आईच्या डोळ्यांदेखत पळायला लावतो आणि शिकारी कुत्रे अंगावर सोडतो. इव्हान म्हणतो, देव असेलही, शेवटी सगळ्याचा मेळही बसेल. पण त्या मेळाची किंमत जर हे पोर असेल, तर माझं तिकीट मी परत करतो. या मुद्द्याला युक्तिवादाने दिलेलं उत्तर कादंबरीभर कुठेही नाही. दोस्तोयेव्हस्कीलाही ते ठाऊक होतं. आपलं उत्तर पुरेसं पडेल का याची धास्ती त्याने 1879 साली रशियन दरबारातले त्याचे स्नेही पोबेदोनोस्त्सेव यांना पत्रातून कळवली होती. मुद्द्याला मुद्दा असं ते उत्तर नाही, कलेच्या वाटेने, आडून दिलेलं आहे, असंही त्यात होतं.

मग ते आडून दिलेलं उत्तर कुठे आहे? साधू झोसिमाच्या उपदेशात आहे, असं बरेच जण सांगतात. मला तसं वाटत नाही. खरं सांगायचं तर ती पानं मलाही दुसऱ्या वाचनात कंटाळवाणी वाटली. लेखकमहाशयांनी तेवढीच चाळायला सांगितली असती, तर हे पत्र लिहिलंच नसतं. उत्तर त्यानंतर येतं, आणि ते घाण वासातून येतं.

झोसिमा मरतो. अख्खं गाव चमत्काराची वाट बघत असतं. आमच्या गावच्या मठातल्या महाराजांनी देह ठेवला तेव्हा खोलीत चंदनाचा दरवळ सुटला होता, असं आजी सांगायची. तशीच काहीशी अपेक्षा. घडतं उलटंच. दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजायच्या आत प्रेताला वास सुटतो. कुजबुज सुरू होते, कालचे भक्त आज हिशेब मांडू लागतात. झोसिमाचा लाडका शिष्य अल्योशा, म्हणजे इव्हानचा धाकटा भाऊ, आतून मोडतो आणि मठ सोडून भलत्याच घरी जाऊन बसतो. रात्री परततो तेव्हा खोलीची खिडकी उघडलेली असते. म्हणजे वास वाढला असणार, हे त्याच्या लक्षात येतं, पण आता त्याचं त्याला काही वाटत नाही. शवाशेजारी काना गावच्या लग्नाची बायबलमधली कथा वाचली जात असते. ऐकता ऐकता त्याला डुलकी लागते, आणि त्या लग्नघरात झोसिमा त्याला हाताला धरून उठवतो. मग तो बाहेर येतो, चांदण्यांखाली जमिनीवर कोसळतो, रडत रडत मातीचे मुके घेतो. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

चमत्कार होत नाही, वास जात नाही. अनुभूती येते ती वासासकट, उघड्या खिडकीच्या खोलीत, आणि तीही कदाचित दमलेल्या पोराचं स्वप्नच. इव्हानने ठेवलेला एकही पुरावा ती पुसत नाही. बदलतो तो अल्योशा: तीन दिवसांनी तो मठ सोडून संसारी माणसांत राहायला निघतो. इव्हानलाही पुढे एक गूढ पाहुणा भेटतोच की! चौकड्यांच्या विजारीतला, फॅशन उलटून गेलेल्या कपड्यांतला, संधिवाताची तक्रार करणारा सैतान. पण तो इव्हानचेच जुने विचार त्याला ऐकवत बसतो. एका भावाला बाहेरून कुणीतरी भेटतं, दुसरा स्वतःशीच अडकून पडतो. दोन्ही प्रसंग ताप किंवा थकवा म्हणून झटकता येतील अशी सोय लेखकाने ठेवली आहे. कौल वाचकाला द्यावा लागतो. मठाची पानं गाळली तर कौल द्यायचं कामच उरत नाही, इव्हान बिनविरोध निवडून येतो.

याला मी कोरडं तंत्र म्हणणार नाही. मे 1878 मध्ये दोस्तोयेव्हस्कीचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्माराने गेला. त्याचं नाव अल्योशा. पुढच्याच महिन्यात दोस्तोयेव्हस्की रशियातल्या ऑप्टिनाच्या मठात साधू अंब्रोसी यांना भेटून आला. कादंबरीत एक बाई तेवढ्याच वयाच्या, त्याच नावाच्या मुलासाठी रडत झोसिमाकडे येते. झोसिमा तिला 'रडू नकोस' म्हणत नाही. रड, म्हणतो.

आणि संपादकमहोदय, आपल्याला विशेष रुचेल अशी एक गोष्ट. हा भाग मासिकाकडे पाठवताना दोस्तोयेव्हस्कीने संपादकांना विनवलं होतं की यातलं काही कापू नका. काना गावचं प्रकरण बहुधा सगळ्या कादंबरीतलं सर्वांत महत्त्वाचं आहे. आणि प्रेताबद्दलचा तो एक शब्दही राहू द्या. 'वास येतोय' असा सोवळा शब्द नव्हे, 'घाण मारतोय' असा उघडा. कारण बोलणारा साधू दुसरं काही म्हणणारच नाही.

लेखातला दुसरा सल्ला मात्र पटला: रशियन नावं एका चिठ्ठीवर उतरवून पुस्तकातच ठेवावीत. माझी चिठ्ठी अजून आहे, मागच्या बाजूला लोकलचं वेळापत्रक आहे.

आपला,
एक निवृत्त वाचक, डोंबिवली