तुझ्या आजोबांबद्दल थोडं

प्रिय सोनू,

तू चार डिसेंबरला आजोबांचा युनिफॉर्ममधला फोटो टाकलास, खाली "वॉर हिरो" असं लिहिलंस, ते मामाने मला दाखवलं. छान वाटलं रे. पण आजोबा असते ना तर पोट धरून हसले असते. त्यांना कुणी लढाईचं विचारलं की त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं, "मी खय लढलंय, मी पाणी उकळवत होतंय." आणि ते खरंच होतं. तू हॉस्टेलवरून फोनवर विचारलंस की नक्की काय करायचे ते, तेव्हा मी घाईत होते म्हणून आता नीट लिहिते.

अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, स्टोकर होते, जुन्या विक्रांतवर, म्हणजे नेव्हीच्या विमानवाहू जहाजावर. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत ट्रेनिंग झालं आणि मग पोस्टिंग. स्टोकर म्हटलं की सगळ्यांना वाटतं फावड्याने कोळसा टाकायचे, तसं काही नाही, विक्रांतचे बॉयलर तेलावर चालायचे. चार बॉयलर होते. अण्णांचं काम म्हणजे खाली बसून बर्नर सांभाळायचे, पाण्याची लेव्हल बघत राहायचं, प्रेशर पडू द्यायचं नाही. वर समुद्र आहे की आकाश आहे काही दिसत नाही, नुसता आवाज आणि उकाडा. एकाहत्तरच्या लढाईत चारातल्या एका बॉयलरला तडे गेलेले होते म्हणून तीनवरच जहाज चालवलं, त्यामुळे स्पीड कमी. आता गंमत बघ, विमान उडवायला जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात न्यावं लागतं आणि विमानाला पुढे ढकलणारं कॅटापल्ट पण वाफेवरच चालतं. म्हणजे चार डिसेंबरला ती सी हॉक विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कॉक्स बाजारवर गेली, चितगावला गेली, त्या प्रत्येक विमानामागे खालच्या ह्या पोरांची वाफ होती. तेव्हा अण्णा तेवीस वर्षांचे, म्हणजे तुझ्याहून दोन वर्षांनी मोठे फक्त.

आणि जहाज कुठे आहे ते घरी कुणालाच माहीत नाही. आजीची पत्रं फ्लीट मेल ऑफिस, मुंबई ह्या पत्त्यावर जायची, तिथून पुढे कुठे जातात ते देव जाणे. सगळ्या वाडीला वाटत होतं ते मुंबईतच आहेत, आणि ते होते बंगालच्या उपसागरात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. त्याच लढाईत नऊ डिसेंबरला दीवजवळ आपल्या नेव्हीचं खुकरी जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले ते तू वाचलं असशीलच. त्या जहाजावर अण्णांचा लोणावळ्याचा सोबती होता, शेजारच्या बंकवर झोपायचा तो. त्याची आई रत्नागिरीकडच्या एका गावात एकटी. अण्णा दरवर्षी मे महिन्यात रजेवर आले की आधी तिच्याकडे जायचे, तिच्या घराची कौलं परतून द्यायचे, विहिरीचा रहाट बघायचे, चार दिवस राहायचे आणि मग आमच्याकडे यायचे. आमच्या घराची कौलं तशीच. आई, म्हणजे तुझी आजी, वैतागायची, एका वर्षी तर पावसात स्वयंपाकघरात तीन पातेली लावली होती आणि ती अण्णांशी दोन दिवस बोलली नाही. पण पुढच्या वर्षी त्या म्हातारीसाठी कुळथाचं पीठ बांधून देणारी पण तीच! हे ती बाई जाईपर्यंत चाललं. आम्हाला मुलांना ते "कामाक जातंय" एवढंच सांगायचे, मला सगळं कळलं तेव्हा मी कॉलेजात होते, ते सुद्धा आईकडून.

अण्णांनी घरात आवाज चढवलेला मला आठवत नाही. मी बारावीला गणितात नापास झाले, रिझल्ट घेऊन दारात उभी राहून रडतेय तर म्हणाले, "आदी जेव, मगे काय ता बोल." जेवण झाल्यावर पण काही बोललेच नाहीत, दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला सोबत आले. आणि कपडे! नेव्हीत सगळं स्वतःचं स्वतः करायची सवय, त्यामुळे बटणं लावणं, इस्त्री, सगळं तेच. आईच्या साड्यांना इस्त्री करायचे तेव्हा वाडीतली माणसं कुंपणावरून बघून हसायची. त्यांचं त्यांना काही नव्हतं. (हसणारेच कॅन्टीनची रम आली की पहिले हजर, ते एक वेगळंच पत्र होईल.)

विक्रांतचं म्युझियम होतं तेव्हा अण्णा तुला घेऊन गेले होते, तू लहान होतास, तुला विमानांशिवाय काही आठवत नसेल. ते विमानांकडे बघतच नव्हते, ड्युटीवरच्या पोराला विचारत होते जेवलास काय. 2014 ला ती भंगारात गेली तेव्हा मलाच रडू आलं, ते म्हणाले "लोखंडच ता, खयतरी कामाक येतला." आणि खरंच त्या लोखंडातून बजाजने बाइक काढली, तू हट्ट धरला होतास आठवतंय का? 2022 मध्ये कोचीला नवीन विक्रांत आली ते टीव्हीवर बघत होते, मी सांगितलं हिच्यात बॉयलर नाहीत अण्णा, गॅस टर्बाइन आहेत. जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरा झाला, पोरांका गरम तरी होवचा नाय."

फोटोखालचं काढू नकोस हं, राहू दे, तुला वाटलं ते तू लिहिलंस. फक्त कुणी विचारलं तर बॉयलरचं सांग.

आणि दिवाळीत येशील तेव्हा आजीचं पेन्शनचं लाइफ सर्टिफिकेट तुझ्या मोबाइलवरून करून दे, तिचा अंगठा मशीनवर नीट उमटत नाही म्हणून गेल्या वेळी दोन चकरा झाल्या. फेस वाल्या अॅपने होतं म्हणतात. लोणचं पाठवलंय पार्सलने, मित्रांना दे.

तुझी,
आई