चि. बाळास, ग्वाल्हेरच्या लष्करहून

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवलास, त्याचा राग नाही. तू म्हणालास ते खरंच आहे. दसऱ्याच्या बोकडाचा भेजा तुला मीच भरवला, लिंबू पिळून, आणि आता खारीच्या भेज्याला मीच नको म्हणते. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे.

तू अमेरिकेतून पाठवलेला खारींच्या शिकारीचा फोटो सगळ्यांनी पाहिला. थोरल्या काकांनी आधी हेच विचारलं की पाठीवर पट्टे कसे नाहीत. मी सांगितलं, तिकडची खार वेगळी, करडी किंवा तांबूस, चांगली अर्धा किलोची. आपल्या गच्चीवरच्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, तिला आपण दाणे घालतो. काकांना बरं वाटलं. मिझुरीत दिवसाला दहा मारायची मुभा असताना तू तीनवर थांबलास, हेही मी त्यांना दोनदा सांगितलं. शिवपुरीच्या जंगलात शिकारी होत त्या काळातली माणसं आपल्या घरात होती. जेवढं खाल तेवढंच मारा, हे अण्णा त्यांच्याकडूनच शिकले.

तुझ्या मित्राच्या आजोबांबद्दल मला आदर वाटतो. शेपटीखाली काप देऊन, शेपटीवर पाय ठेवून कातडं एका ओढीत उतरवायचं, कोवळी खार तळायची, जून असेल तर तासन्‌तास शिजवायची, हाडांचं पाणी रश्श्याला ठेवायचं. शेपट्यांच्या बुडाला मीठ लावून त्या विस्कॉन्सिनच्या मेप्स कंपनीला पाठवतात आणि तिथे ते केस माशांच्या गळाला बांधतात, हे तर मला फारच आवडलं. आपल्याकडेही तसंच. माई वजडी चुन्याच्या पाण्यात घासून घासून पांढरी करायच्या, पायांचं सूप बाळंतिणीला, रक्ती वेगळी, मुंडी दुसऱ्या दिवशी. वाया गेलेलं त्यांना खपत नसे. तू काही वाया घालवत नाहीस हे वाचून डोळे भरून आले.

पण मुंडी खाऊ नकोस.

१९९७ साली केंटकीच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. मेंदू झिजवणाऱ्या रोगाचे पाच रोगी होते, आणि पाचही जण खारीचा भेजा खाणारे. हा रोग एरवी वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो. खारीमुळेच झाला हे सिद्ध झालेलं नाही. तू हेच म्हणणार आणि ते बरोबर आहे. पण या रोगाचं विष शिजवून मरत नाही, आणि तो अंगात वर्षानुवर्षं गप्प बसतो. मित्राचे आजोबा ऐंशीचे झाले आणि त्यांना काही झालं नाही, हे मला पुरत नाही. अण्णांचं शेवटचं वर्ष तू पाहिलं नाहीस. तुझी परीक्षा होती म्हणून आम्हीच तुला बोलावलं नाही. ते माझ्याकडे बघून माईंना हाक मारायचे.

हे लिहायचं नव्हतं.

दुसरं, सोलताना हातमोजे घाल. मिझुरीत ससे, खारी आणि गोचिड्यांमुळे होणारा टुलारेमिया नावाचा ताप आहे. त्यावर औषध आहे, पण ताप आला तर डॉक्टरला खार सोलल्याचं आपणहून सांग. कारण विद्यार्थी व्हिसावर बंदूक हातात घ्यायची तर शिकारीचं लायसन्स लागतं, आणि ते नसेल तर त्या भीतीने तू गप्प बसशील असं मला वाटत राहतं. लायसन्स आहे ना? डोक्याला नारिंगी टोपी घालतोस ना? बरं, एवढ्या सूचना झाल्या, माफ कर. तू सव्वीसचा झालास. त्या वयात तुझे बाबा आख्खं घर सांभाळत होते.

आजोबा कातडं कसं कमावतात ते तूच लिहिलं होतंस. त्याच खारीचा भेजा कोमट पाण्यात कालवून कातड्याला चोळायचा, मग धुरी द्यायची. प्रत्येक जनावराच्या डोक्यात आपलं कातडं कमावण्यापुरता भेजा असतो, असं ते म्हणतात म्हणे. तर मग त्यांना सांग, माझ्या वाट्याचा भेजा कातड्याला लावा, मी ऑम्लेटमध्ये घेणार नाही. म्हाताऱ्याला वाईट वाटणार नाही, काही वाया जाणार नाही, आणि त्यांच्या टेबलावर तू पाहुण्यासारखा नाक मुरडतोस असंही होणार नाही. हातमोजे मात्र तेव्हाही घाल.

पहिल्या खारीचा रस्सा तू गोड्या मसाल्यात केलास आणि त्या लोकांनी दोनदा मागून घेतला, हे दौलतगंजात आता सगळ्यांना माहीत आहे. मसाल्याचा नवा डबा येत्या आठवड्यात पाठवते.

लायसन्सचा फोटो पाठव. आणि भेज्याचं काय ठरवलंस ते मलाच लिही. बाबांना फोनवर सांगतोस ते माझ्यापर्यंत येत नाही.

तुझी,
आई