साखरेच्या गोळ्या मिळतात, डोळ्याचा पडदा कोण पाहणार?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेला मी नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. आपल्या खात्याच्या असंसर्गजन्य रोग कक्षात मधुमेही रुग्णाची साखर मोजली जाते, रक्तदाब पाहिला जातो, गोळ्याही दिल्या जातात. मात्र मी ज्या भागात काम केले तेथे त्याच रुग्णाच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासला जाईल अशी खात्रीची व्यवस्था कधीच नव्हती. ती राज्यभर व्हावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना फुगवटे येतात, त्यांतून रक्त आणि द्रव झिरपू लागतो. पुढे रक्तपुरवठा तुटलेल्या भागात नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो किंवा पडदा ओढला जाऊन सुटतो. ही डायबेटिक रेटिनोपथी बराच काळ कोणतीही तक्रार देत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि भिंतीवरच्या तक्त्यातील शेवटची ओळही रुग्ण बिनचूक वाचतो. म्हणूनच नजर चांगली असल्याचा शेरा मधुमेही माणसाच्या बाबतीत फसवा ठरतो.

आपल्याकडील नेत्रशिबिरे या आजारासाठी आखलेलीच नाहीत. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याचा भर प्रामुख्याने मोतीबिंदूवर राहिला, ते त्या काळी योग्यही होते. आजही शिबिरात मोतीबिंदू शोधला जातो, चष्म्याचा नंबर काढला जातो आणि रांग पुढे सरकते. (साखर वरखाली होत असताना नंबरही बदलतो, त्यामुळे असा चष्मा अनेकदा महिन्याभरात निरुपयोगी होतो.) मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुतांशी परत मिळते, रेटिनोपथीने गेलेली पुष्कळदा मिळत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांना रेटिनोपथी आढळली. एवढ्या लोकांना शहरातील नेत्रतज्ज्ञाकडे पाठवून तपासणे शक्य नाही, हे मी जाणतो. पण तशी गरजही नाही. पडद्याचे छायाचित्र प्रशिक्षित परिचारिका घेऊ शकते आणि ते तज्ज्ञाने दूर बसून पाहिले तरी चालते. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कुटुंब आरोग्य केंद्रांत ‘नयनामृतम’ या नावाने हेच केले गेले. इंग्लंडने २००३ पासून मधुमेहींच्या पडद्याची पद्धतशीर तपासणी उभी केली आणि कामाच्या वयातील लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत दशकानुदशके पहिल्या क्रमांकावर असलेला हा आजार २००९-१० पर्यंत त्या स्थानावरून खाली आला.

प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयात बाहुली न विस्फारता पडद्याचे छायाचित्र घेणारा फंडस कॅमेरा द्यावा, ही माझी पहिली मागणी आहे. बाहुली विस्फारणारे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते; अशा अवस्थेत दुचाकी चालवून घरी जाता येत नाही आणि दिवसाची मजुरीही बुडते, म्हणून माणसे थेंबांचे नाव काढताच उठून जातात. मोतीबिंदूमुळे छायाचित्र अस्पष्ट येईल त्यांनाच थेंब घालावे. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पहिली तपासणी आणि नंतर दर वर्षी एक, अशी नोंद गोळ्यांच्या कार्डावरच असावी, म्हणजे कार्ड घेऊन आलेला रुग्ण त्याच खेपेत कॅमेऱ्यासमोर बसेल. आधीपासून मधुमेह असलेल्या गर्भवतींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो.

नुसते कॅमेरे घेऊन मात्र काहीच साधणार नाही, आणि मला खरी भीती तीच आहे. खरेदी होते, उद्घाटन होते, पुढे बिघडलेल्या यंत्रावर प्लास्टिकचे आवरण पडून राहते. छायाचित्रात दोष आढळलेला रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोहोचला की नाही, याचा पाठपुरावा नावानिशी झाला पाहिजे. आशाताई हे काम करू शकतात, मात्र त्याचा वेगळा मोबदला त्यांना मिळायला हवा. उपचारासाठी लेझरच्या अनेक बैठका लागतात, पडद्याच्या सुजेवरची इंजेक्शने सुरुवातीला दर महिन्याला घ्यावी लागतात. एसटीचा प्रवास पंचाहत्तरीनंतर मोफत आहे, पण हा आजार गाठतो तो पुष्कळदा पंचेचाळीस ते साठीच्या कमावत्या माणसाला. अशा रुग्णाला प्रवासभाडे द्यावे आणि इंजेक्शनांचा खर्च पूर्णपणे शासनाने उचलावा.

प्रत्येक जिल्ह्यात किती मधुमेहींचे पडदे तपासले गेले आणि दोष आढळलेल्यांपैकी किती जणांवर उपचार झाले, हे दोन आकडे आपण दर वर्षी विधिमंडळात मांडावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी