खपलीही गहूच

महोदय,

परवा एका दुकानात खपली गव्हाच्या पिठाचं पाकीट दिसलं. वर ठसठशीत अक्षरात ‘ग्लुटेनमुक्त’. विचारलं तर मालक म्हणाले, “ताई, बिनघोर न्या. गव्हाचा त्रास असणाऱ्यांनाबी ही चालतीय.”

चालत नाही. खपली हा आपल्या भागातला जुना, चवीचा गहू. त्याच्या खिरीवाचून आमच्याकडचा महाप्रसाद पुरा होत नाही. पण त्यात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, असतं, आणि माझ्या सहावीतल्या मुलीला सिलियाक आहे.

सिलियाक म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे. गहू, जव, राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मुळात तसा आनुवंशिक कल असावा लागतो.

लेकीला जुलाब कधीच नव्हते, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उंची थांबली, हिमोग्लोबिन 8च्या वर सरकेना. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, आणि वर “पोरगी जेवायला कटकट करते” हा शेरा. मग कुणीतरी सुचवलं, चपाती बंद करून बघा. केली, तिला बरं वाटलं, आणि तिथंच आमचं चुकलं. गहू बंद असताना टीटीजी ही सिलियाकची रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते. आमची तशीच आली. पोटाच्या डॉक्टरांनी निदानासाठी तिला पुन्हा दोन महिने चपाती खायला लावली. जिनं पोट दुखणार हे ठाऊक आहे, तीच चपाती रोज डब्यात भरायची! त्यानंतर पुन्हा रक्त, दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे, तेव्हा कुठं नाव कळलं. म्हणून शंका आली तर आधी तपासणी, मग पथ्य. आईवडील आणि भावंडांनीही तपासून घ्यावं. आमच्या घरात दुसरी मीच निघाले.

यावर औषध नाही; जन्मभर ग्लुटेन बंद, एवढाच उपाय. शाळूची भाकरी आणि भात खाणाऱ्या कोल्हापुरात ते तसं जमतं. अडतं बारीकसारीक ठिकाणी. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत आपल्या आधी कुणाचे गहू दळले असतील, तर ते पीठ आपल्या शाळूत उतरतं. शेवटी आम्ही घरघंटी घेतली. महाप्रसादाला लेक मैत्रिणींबरोबर पंगतीतच बसते, पण डबा घरचा. खीर तांदळाची, वेलदोडा मात्र मी दुप्पट घालते.

‘ग्लुटेनमुक्त’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशात नियम आहे. खपलीचं पीठ त्यात बसणं शक्यच नाही. पाकिटाचा फोटो काढून मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. काल पुन्हा दुकानात डोकावले, पाकिटं त्याच फळीवर होती.

— एक आई, कोल्हापूर