तुमची खाट अजून आहे

पुणे,
१९ जानेवारी

तीर्थरूप नाना आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाच. नानांच्या डोळ्यांत अजून दिवसातून चारदा औषध पडतंय, त्यांच्या हातात कागद देऊ नकोस. फोनवरच सांगणार होतो, पण नाना दोन मिनिटांत "आवाज तुटतोय" म्हणत फोन तुला देऊन टाकतात. आणि यातलं निम्मं त्यांनाच विचारायचंय. पतंगाच्या दिवशी त्यांना गच्चीवर जाऊ देऊ नको, असं ताईला बजावलं होतं, गेलेच असतील.

तर, आम्ही तोरणमाळला जाऊन आलो. तुम्ही दोघं सुरतेला असताना दोंडाईच्याच्या बंद घरावरून पुढे जायचं जिवावर आलं होतं, म्हणून कुलूप उघडून तुळशीला पाणी घातलं, तासभर टेकलो आणि निघालो. शहाद्यापर्यंत ओळखीचंच सगळं, केळी, पपई, उसाच्या गाड्या. म्हसावद सोडलं की सातपुडा समोर भिंतीसारखा उभा राहतो. राणीपूरनंतर घाट लागला आणि चिऊला वळणांवर दोनदा उलटी झाली. "आजोबा इथून कसे जायचे?" म्हणाली. मी म्हटलं, एसटीच्या टपावर. खरं काय ते तुम्हीच सांगा.

वर यशवंत तलावाशी राहायची सोय आहे, पण तुमच्या त्या विद्यार्थ्याने ऐकूनच घेतलं नाही. दिवाळीला फोन करतो ना, दरवर्षी आमचूर धाडतो, तोच. तुम्ही १९९१ साली त्या एकशिक्षकी शाळेवर गेलात तेव्हा तो पहिलीत होता. आता चाळीशीचा आहे, मिशी तुमच्यापेक्षा मोठी. गाडी रस्त्याला लावून पाऊण तास पायी चाललो. पाडा म्हणजे आपल्यासारखं भिंतीला भिंत लागलेलं गाव नव्हे, हे मला कुठे ठाऊक होतं? प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, वेगळ्या टेकाडावर. शेजाऱ्याला हाक मारायची तर आधी वाऱ्याची दिशा बघायची.

घराचं वर्णन तुमच्यासाठी नाही, आईसाठी करतोय. सागाचे खांब, मधे बांबूच्या तट्ट्या, त्यांना आतून-बाहेरून शेणमाती. वर नळीची कौलं. आत एका बाजूला दोन बैल आणि शेळ्या, दुसऱ्या बाजूला माणसं, मधे गुडघ्याएवढा आडोसा. कणग्या माणसाएवढ्या उंच. चुलीच्या वर आढ्याला मक्याची कणसं जोड्या-जोड्यांनी टांगलेली, धुराने काळी पडलेली. मला वाटलं शोभेला. तो म्हणाला, ते बियाणं आहे. धूर लागला की भुंगा लागत नाही. वरच्या बांबूचंही तसंच. धुराडं नाही म्हणून आपण नाकं मुरडतो, पण चूल बंद झाली की भुंगा ते घर पोखरायला लागतो.

चिऊकडे जगातल्या घरांचं चित्रांचं पुस्तक आहे. तिचा पहिला प्रश्न: "हे गोल का नाही? डोंगरातलं घर गोल असतं." तिच्या डोक्यात मंगोलियातलं यर्ट. मग मी तिला सांगायला बसलो, की ते लोक त्याला गेर म्हणतात; लाकडी पट्ट्यांच्या जाळीची भिंत मिटते-उघडते, वरून लोकरीचा नमदा गुंडाळायचा, दार दक्षिणेला, आणि कुरणं संपली की सगळं घर उंटावर लादून पुढे. तुमचा विद्यार्थी आधी हसला. "घर उचलून नेलं तर शेत कोण राखेल?" मग जरा थांबून म्हणाला, आमचंही एकदा चाललंय की. भाऊ वेगळे झाले तेव्हा खालच्या टेकाडावरचं घर उतरवलं आणि खांब खांद्यावर वाहून इथे आणले. माती नवी, तट्ट्या नव्या, खांब तेच.

म्हणजे नाना, पहिल्या पावसात शाळेचं छप्पर गळायला लागल्यावर तुम्ही ज्या घरात मुक्काम हलवलात, ते हेच. एका खांबावर तुम्ही पोरांची उंची मोजून खुणा केल्या होत्या. अजून आहेत, पण खांब उलटा रोवलाय, त्यामुळे सगळ्यात लहान पोरगं सगळ्यात वर. तुमची खाटही आहे. काथ्या बदललाय. त्यावर मी झोपलो.

झोपलो म्हणजे आडवा झालो. रात्री नऊलाच फोनवर सात अंश दिसत होतं, नंतर बघायचं धाडस झालं नाही. गोधडी, त्यावर घोंगडी, त्यावर माझं जाकीट, तरी कौलांच्या फटीतून थंडी सरळ नाकावर उतरत होती. बैल रात्रभर रवंथ करतात आणि त्याचा आवाज येतो, हे चाळीस वर्षं खान्देशी म्हणवून घेणाऱ्या मला पहिल्यांदा कळलं. कुठेतरी पिंगळा ओरडत होता. मधेच एक शेळी अगदी माणसासारखी खोकली आणि बायकोने माझा हात घट्ट धरला. तुमच्या गोष्टींतलं अस्वल काही आलं नाही. बाहेर गेलो तेव्हा मात्र मृग आणि व्याध एवढे खाली होते, की लहानपणी तुम्ही गच्चीवर बोट करून दाखवायचात आणि मला काही दिसायचं नाही, त्याची भरपाई झाली.

चिऊने एक उद्योग केला. अस्तंब्याच्या डोंगरावरचा अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो, ही तुमचीच गोष्ट. तिने वाटीत चमचाभर तेल मागून घेतलं आणि दाराशी ठेवलं. सकाळी त्यात तीन मुंग्या. "मुंग्यांनाही लागलं असेल," एवढंच म्हणाली आणि वाटी धुवायला गेली.

आता जेवणाचं. आई, गेली तीस वर्षं तू सगळ्यांना सांगतेस, की नाना तिथे स्वतः भाकरी थापायचे. थापली होती म्हणे, एकदा. तिला पाड्यावरची कुत्रीही हसली. त्यानंतर चार वर्षं भाकरी आली ती ह्या विद्यार्थ्याच्या आईकडून, मक्याची, उडदाच्या दाळीबरोबर. बदल्यात नाना अर्ज लिहून द्यायचे आणि चहा-साखर आणायचे. आम्हालाही तेच जेवायला होतं, वर लसूण-मिरचीची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या, पुण्यात दीडवर आटपतं.

ती म्हातारी आहे अजून. कमी दिसतं, चुलीपाशीच बसून असते. मी कोण ते कळल्यावर तिने एकच गोष्ट विचारली, मुलाने मला मराठीत सांगितली: "गुरुजींच्या बाईचा राग गेला का?"

मला काही बोलता आलं नाही. हो म्हणावं तर मला माहीत नाही.

आई, इथे जरा थांब आणि पाणी पी. पुढचं तुला माहीत आहे की नाही, मला खरंच कळलेलं नाही. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. बदलीच्या कामासाठी धुळ्याला खेटे मारावे लागत. नाना कधी गेले नाहीत म्हणून तू चिडायचीस. आजीचं दुखणं, आम्ही दोघं, पहाटेचं पाणी, सगळं तुझ्या एकटीवर. पण हा विद्यार्थी सांगतो, दुसऱ्याच वर्षी बदलीचा कागद हातात आला होता. गुरुजींनी तो खिशातच ठेवला, कारण जागेवर दुसरं कुणी येणार नव्हतं आणि शाळेला कुलूप लागलं असतं. त्या वर्षीच्या बाराजणांतला हा एक. आता त्याची मुलगी शहाद्याला अकरावीत आहे.

नाना, मी ऐकलं तेव्हा अभिमान वगैरे वाटला, नाही असं नाही. पण आईला विचारायला हवं होतं. एका चुलीपाशी तुम्ही तिच्या रागाबद्दल बोलू शकलात आणि दुसऱ्या चुलीपाशी नाही, हे मला अजून पटत नाही. सोमवारी पहाटे पिशवी घेऊन निघताना "जास" न म्हणता "येस मी" म्हणायचात आणि आई आतूनच भांडी आपटायची. मी पांघरुणातून ऐकायचो. मला वाटायचं, भांडी धुवायचा आवाजच तसा असतो.

तुमच्या त्या खाकी पिशवीला कायम धुराचा वास यायचा, आई ती वेगळी भिजवायची आणि मी आणि ताई नाक धरायचो. परत आल्यापासून माझं जाकीट गॅलरीत लटकतंय. तीनदा धुतलं. बायको म्हणते टाकून दे, पण अजून टाकलेलं नाही.

आमचूरची पिशवी कुरिअरने पाठवतोय, दोन किलो आहे. एक किलो ताईला ठेवा. सगळं एकटीने वाटून टाकू नकोस, आई. म्हातारीने तुझ्यासाठी वेगळी पुरचुंडी दिलीय, चारोळी आहे. ती नानांनी नाही, तूच उघडायची, असं तिचं म्हणणं.

डोळा बरा झाला की होळीआधी दोघांना वर न्यायचा विचार आहे. पाऊण तासाच्या चालीचं काय करायचं, ते बघतो. तुमचा विद्यार्थी म्हणाला, खाटेसकट उचलून नेऊ. आई यायला तयार आहे का, एवढं तिने स्वतःच्या हाताने लिहून कळवावं. नानांनी मधे बोलू नये.

तुमचा,
बाळू

ता. क. म्हातारीला काय सांगू, तेही त्याच कागदावर लिही.