सत्काराच्या मजकुराबद्दल

प्रिय लेकी,

शालोम. जावईबापूंना आणि नातवंडांना आमचे आशीर्वाद.

आपल्या सिनेगॉगमध्ये ज्यूंची प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांच्या सत्कारात वाचायला म्हणून तू पाठवलेला मजकूर मिळाला. तुझी आई म्हणाली, छान लिहिलंय, देऊन टाका सेक्रेटरींकडे. मी अजून दिलेला नाही. राग मानू नकोस, पण "आपली अमूल्य व निःस्वार्थ सेवा सदैव स्मरणात राहील" हे वाक्य बँकेच्या मॅनेजरच्या निरोप समारंभाला चालतं, नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरही चालतं. ज्या माणसाने तुझ्या भावाला तेराव्या वर्षीच्या बार मिस्वाची पराशा, म्हणजे तोराचा त्या आठवड्याचा पाठ, शिकवली आणि तुझ्या लग्नात मांडवाखाली उभं राहून केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, वाचली, त्याला एवढ्यावर बोळवायचं? त्या सभेत निम्मे लोक हेच बोलणार आहेत. शाल, श्रीफळ, अमूल्य सेवा, टाळ्या आणि मग समोसे. तू तरी वेगळं लिही.

तुझंही चुकत नाही म्हणा. इस्रायलमध्ये अशदोदला राहून या गोष्टी डोळ्यांआड होतात. तिकडे शहराला रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, असतो, मिक्वेची, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडाची, देखभाल धार्मिक परिषद करते, धर्माला चालणारं कोशर मटण सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये असतं आणि एका सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष नाही भरले तर पलीकडच्या गल्लीत भरलेले असतात. इकडे 2011 च्या जनगणनेत साऱ्या देशात आपण ज्यू साडेचार हजारांच्या आसपास निघालो. त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात, तेही विखुरलेले. त्यामुळे इथे जे चालतं ते कोणीतरी चालवतो म्हणून चालतं.

आपल्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये रब्बाय कधी नव्हतेच. हझान हाच आपला सगळा धर्मविभाग. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ ही लोकांना दिसते. आठवडाभराचं काम दिसत नाही. सेफेर, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, उघडला की त्यात ना काना-मात्रा, ना स्वरांच्या खुणा, नुसती अक्षरं. कुठे कुठला शब्द कसा म्हणायचा आणि कुठल्या चालीवर, ते सगळं पाठ हवं. आमचे हझानसाहेब बुधवारपासून संध्याकाळी खुर्ची खिडकीपाशी ओढून पुढची पराशा पुटपुटत बसतात. इतकी वर्षं झाली, आता पाठच असेल ना, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, पाठ असते म्हणूनच घसरते. मला वाटतं, हे वाक्य तुझ्या मजकुरात अमूल्य सेवेच्या जागी शोभेल.

सकाळी कोंबड्या कापायला उभे राहतात तेही तेच. सुरीची धार नखावरून हळू फिरवून बघतात, एवढीशी खाच लागली तरी ती बाजूला ठेवतात, परत दगडावर घासतात, परत नखावर. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्यांची घाई नसते. एकदा पावसाळ्यात बाहेर लाइन लागली होती आणि एक गृहस्थ कुरकुरत होते की एवढं काय बघायचं त्यात. हझानसाहेबांनी मान वरही केली नाही. त्यांच्या कोशरवर आपण डोळे मिटून जेवलो ना इतकी वर्षं? त्या डोळे मिटण्याची किंमत ते रोज सकाळी मोजत होते.

आणि किपूर, प्रायश्चित्ताचा दिवस. पंचवीस तासांचा उपास सगळेच करतात, पण आपण बसतो, उठतो, बाहेर ओट्यावर जाऊन टेकतो. ते तेबावर, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, उभे असतात. कोरड्या घशाने दिवसभर गायचं, आणि नेइलाच्या, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळी, जेव्हा लोकांचं लक्ष घड्याळाकडे असतं, तेव्हा आवाज सर्वांत वर न्यायचा. गेली एक-दोन वर्षं त्यांचा आवाज तिथे फाटतो. मला तो तसाच आवडतो, पण त्यांना आवडत नाही. म्हणून तर ते थांबतायत.

ही परंपरा जुनी आहे. शेलोमो सालेम शुर्राबी 1836 मध्ये कोचीनहून मुंबईत आले. पोटासाठी पुस्तकं बांधायचे, आणि त्याबरोबर आपल्या लोकांचे हझान झाले, 1856 मध्ये वारले तोवर. म्हणजे पोटाचा उद्योग एक आणि देवाचं काम दुसरं, ही आपली पद्धत काल-परवाची नाही. हझानसाहेबांनीही नोकरी सांभाळूनच हे केलं, हे लिही. पगाराविषयी मात्र काही लिहू नकोस. कमिटी जे देते त्याला मानधन म्हणतात, आणि त्यात मान जास्त, धन कमी.

आता खरी गोष्ट. सत्काराचं कार्ड छापून आलं, त्यावर हझानसाहेबांचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, प्रमुख पाहुण्यांचं त्याहून मोठं आहे, आजी-माजी ट्रस्टी आहेत, समोशांचे प्रायोजकसुद्धा आहेत. सिनेगॉगची देखभाल करणाऱ्या शमाशांचं नाव नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की त्यांचा सत्कार "नंतर कधीतरी वेगळा" करू. आमच्याकडे हे नंतर कधीतरी बहुतेक वेळा दफनभूमीत येतं. तिथे मग सगळे फार सुंदर बोलतात.

तुला शमाशकाका म्हणजे पेपरमिंटच्या गोळ्या देणारे एवढेच आठवत असतील. त्यांची शुक्रवारची दुपार मी आता रिकामपणी बसून बघतो. आधी टांगलेल्या दिव्यांचे काचेचे पेले उतरवतात, आतली काजळी कोमट पाण्याने आणि राखेने काढतात. मग तळाशी पाणी, वर खोबरेल तेल, वरून वात. प्रत्येक पेल्यात तेल सारखं हवं, नाहीतर शेवटच्या बाकांवरचा दिवा किद्दुशआधीच, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाआधीच, मालवतो आणि तिथे बसणाऱ्या आजोबांना अपशकुन वाटतो. त्याच वेळी मागे पातेल्यात काळ्या मनुका भिजत असतात. त्या कुस्करून, फडक्यातून गाळून किद्दुशचं शरबत करतात. परदेशी पाहुणे आले की त्यांना वाइनच्या ऐवजी हे बघून नवल वाटतं आणि दुसरा पेला मागतात. मग सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेची पुस्तकं, मांडायचे. कोणाला मराठी अर्थाचा लागतो, कोणाला मोठ्या टाइपाचा, कोणाचा चष्माच घरी राहिलेला असतो, तरी त्याच्याही हातात पुस्तक द्यायचं. हे सगळं लोक यायच्या आत. लोक आले की शमाशकाका दाराशी उभे, जणू काही केलंच नाही.

नोव्हेंबर 2008 मध्ये नरिमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हापासून गेटवर पोलीस असतात. त्यांच्या चहाचं कोण बघतं? शमाशकाकाच. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात बंदोबस्ताचं पत्र द्यायला सेक्रेटरी जातात, पण हवालदाराला पावसात कुठे उभं करायचं, त्याला जेवणाची सुट्टी झाली की कोणाला बसवायचं, हे यांच्या डोक्यात. आपल्याकडचा वॉचमन मुसलमान आहे, तुला ठाऊक आहे. रमजानात त्याचा रोजा सुटायच्या वेळेला शमाशकाका स्वतः गेटवर बसतात. आणि आपल्या किपूरच्या दिवशी तो वॉचमन आमच्यासमोर पाणीसुद्धा पीत नाही, मागच्या बाजूला जातो. कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

कमिटीबद्दल तू फोनवर हसून म्हणालीस, "अजून भांडतात का?" भांडतात की. गेल्या जनरल बॉडीत पंखे बदलायचे की छताची गळती आधी, यावर रात्री साडेदहापर्यंत वाद झाला आणि शेवटी दोन्ही पुढच्या बैठकीवर गेलं. खजिनदाराला एकाने पावत्यांचा हिशोब उभ्या-उभ्या मागितला. तो बिचारा दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब करून आला होता. पण माझं मत विचारशील तर भांडणारी कमिटी बरी. ज्या सिनेगॉगमध्ये भांडायलाही माणसं उरली नाहीत अशी ठिकाणं कोकणात जाऊन बघ. भिंती उभ्या आहेत, सेफेर ठेवायच्या हेखालला पडदा आहे, आणि चावी एका घरात आहे.

आणि भांडून झाल्यावर तीच माणसं काय काय करतात याचा हिशोब कोणी मागत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशोबपत्रकं भरायची. ट्रस्टी बदलला की चेंज रिपोर्ट. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, पेढे सगळ्यांनी खाल्ले, पण त्यानंतर कुठल्या पोराला कुठला दाखला लागतो याची चौकशी करत खिडक्या कोणी पालथ्या घातल्या? सेक्रेटरींनी, आपली रजा टाकून. पेसाहच्या सणाआधी मत्साची, म्हणजे बिनखमिराच्या रोटीची, पाकिटं कोणाकडे किती, आजारी माणसाला घरी कोण पोचवणार, अलिबागजवळ खंडाळ्याला प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या दर्शनाला जायची बस, बसमध्ये खिडकीची जागा कोणाला, उलटीच्या पिशव्या. यातलं एकही काम कुठल्या संगमरवरी पाटीवर कोरलं जात नाही. पाट्यांवर देणगीदार असतात. देणगीदारांचे उपकार मोठेच, सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत शआर हाराहमीम सिनेगॉग बांधलं नसतं तर आपण आज कुठे असतो? पण दिवेकरांचं नाव आपल्याला तोंडपाठ आहे आणि त्या दाराला दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढणाऱ्याचं नाही, हेही खरं.

बायकांविषयी तर तुझ्या मजकुरात एक अक्षर नाही, आणि तू स्वतः बाई! नव्याच्या सणाला, म्हणजे आपल्या नववर्षाला, चिकाचा हलवा करायचा म्हणजे गहू भिजवून, वाटून, चीक काढून, नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळत राहायचं, हात थांबला की बुडाला लागलाच. मलिद्याच्या विधीचे पोहे, गूळ, खोबरं, फळं, ताटात सबजा आणि गुलाब, हे सगळं ज्या हातांनी होतं ते फोटोत नसतात कारण ते मागे भांडी घासत असतात. आणि त्याहून अवघड काम त्या करतात त्याबद्दल कोणी बोलतच नाही. तुझी आजी गेली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. सेक्रेटरींना फोन केला आणि पहाटेच्या आत तीन मावश्या दारात होत्या. त्यांनी आजीला आंघोळ घातली, पांढरं सुती कापड बेतलं आणि कफन हाताने शिवलं. दोऱ्याला गाठ मारायची नसते, म्हणून टाका मागे वळवून घट्ट करत होत्या. एकीचे हात थरथरत होते, तिला वयामुळे दिसतही कमी होतं, सुई दुसरी ओवून देत होती. चहा विचारला तर नको म्हणाल्या आणि आपापल्या घरी जाऊन नवऱ्यांचे डबे केले. त्यांतल्या दोघी रविवारच्या सभेत मागच्या रांगेत बसलेल्या असतील. तू त्यांचं नाव घेऊन काही म्हणालीस तर त्या लाजून चूर होतील. होऊ देत.

दहाव्या माणसाविषयी एक ओळ हवीच. आपले कर्जतच्या बाजूने येणारे काका, रेल्वेतून रिटायर झालेले. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, लोकल पकडावी की नाही यावर तुमच्याकडचे धर्मपंडित काय म्हणतील ते मला माहीत आहे. पण शनिवारी सकाळी आम्ही नऊ जण दाराकडे बघत असतो, आत कोणीतरी आई-वडिलांचं कद्दिश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणायला थांबलेला असतो, आणि हे काका छत्री झटकत येतात. त्यांना कमिटीत पद नाही. सेफेर वाचता येत नाही. ते फक्त येतात. मी खजिनदार होतो तेव्हा त्यांच्या पासाचे पैसे ट्रस्टमधून द्यायचा ठराव मांडला होता, तो त्यांनीच हाणून पाडला.

तर आता मजकूर असा कर. हझानसाहेबांबद्दल चार वाक्यं, त्यात सुरी किंवा पराशा यांपैकी एकच गोष्ट, दोन्ही घातल्यास की भाषण होतं. भावाला शिकवताना त्यांनी रागावून पुस्तक मिटलं होतं तो किस्सा तुला चांगला आठवतो, तो घाल, लोक हसतील आणि त्यांनाही आवडेल. मग शमाशकाकांचं नाव, पूर्ण नाव, आडनावासकट. माइकवरून ते नाव एकदा हॉलमध्ये ऐकू आलं पाहिजे. कार्डाबद्दल टोमणा मारू नकोस, ते मी केलेलं आहे. मग मावश्या. आणि देवाघरची भाषा कमी ठेव.

गुरुवारपर्यंत पाठव. शुक्रवारी सेक्रेटरी दुपारनंतर फोन उचलत नाहीत आणि शनिवार रात्रीपर्यंत कागद टाइप होऊन हवा, कारण तुझा मजकूर वाचणाऱ्या बाईंना हाताचं अक्षर लागत नाही.

आणि पेसाहला याल तेव्हा तिकडे त्या तरंगणाऱ्या तयार वाती मिळतात ना, त्यांची पाकिटं आण, मिळतील तेवढी. शमाशकाका अजून कापसाच्या वळतात आणि आता त्यांच्या अंगठ्याला त्रास होतो. त्यांच्यासाठी आणल्या असं सांगू नकोस, सिनेगॉगसाठी आणल्या असं सांग, नाहीतर घेणार नाहीत. आईचा गुडघा बरा आहे. धाकट्याला मराठी वाचायला लावतेस की नाही?

तुझे,
पप्पा